घरगणकाची दुरुस्ती

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली आणि पाण्याची धार थेट शेजारच्या शिंदेकाकूंनी वाळत घातलेल्या गव्हावर पडली. काकूंचा आरडाओरडा ऐकून ज्योत्स्नाबाई भोईटे धावत वर गेल्या आणि पंपाचे बटण त्यांनी हाताने बंद केले. ते बटण आपण शेवटचे कधी दाबले होते, हेही त्यांना आठवेना. गेली सहा वर्षे टाकी भरली की पंप बंद करणे हे घरगणकाचे काम होते.

घरगणक म्हणजे स्वयंपाकघराच्या फडताळात बसवलेली, पोळ्यांच्या डब्याएवढी करडी पेटी. फलटणसारख्या गावातही आता बहुतेक घरांत ती आलेली होती. वीज, पाणी, गॅस, फोन, टपाल सगळे तिच्यातून चाले. घरात जिथे पडदा असेल तिथे बसावे आणि आपले काम सुरू करावे. कोण बसले आहे हे ती आवाजावरून आणि बोटांच्या लकबीवरून ओळखत असे.

ज्योत्स्नाबाईंचे काम होते मोडी वाचण्याचे. न्यायालयाने मान्यता दिलेल्या मोडी वाचकांपैकी त्या एक. जमिनीचे, पाण्याचे, वाटणीचे दीडदोनशे वर्षांपूर्वीचे कागद अजूनही खटल्यांत पुरावा म्हणून यायचे, आणि ते वाचू शकणारी माणसे जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. कागदाचे छायाचित्र पडद्यावर घ्यायचे, एकेक ओळ देवनागरीत उतरवायची आणि शेवटी सही करायची. मोडी ही हात न उचलता सलग लिहायची लिपी. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते; शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. एकोणसाठाव्या वर्षीही त्यांना या कामाचा कंटाळा आला नव्हता.

पण तीन आठवड्यांपासून घरगणक नीट चालत नव्हता. ओळ लिहून झाली की पडदा चार-पाच सेकंद गोठायचा. मग हलायचा. पुढची ओळ, पुन्हा तेच. फोन मध्येच तुटायचा, गिझर चालूच राहायचा, आणि आता तर टाकी भरून वाहिली. त्यांनी तो दोनदा बंद करून पुन्हा सुरू केला. जुनी छायाचित्रे काढून टाकली. काही फरक पडला नाही.

"तुला झालंय तरी काय?" त्यांनी पडद्याला विचारले.

"मी उत्तम स्थितीत आहे, ज्योत्स्नाताई," घरगणक त्याच्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही थोडी विश्रांती घ्यावी असं मी सुचवतो."

विश्रांती? बिघाड त्याच्यात आणि विश्रांती आपण घ्यायची? त्या पुन्हा टेबलाशी बसल्या आणि एक ओळ लिहिली. पडदा गोठला. पापणी लवते तेवढा वेळ ओळ नाहीशी झाली आणि परत आली. काहीतरी बदलल्यासारखे वाटले, पण काय ते सांगता येईना. मग त्यांनी एक जुना पाठकोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने, पडद्यावर लिहायच्या आधी, प्रत्येक ओळ कागदावर लिहून ठेवायला सुरुवात केली. सातव्या ओळीत कागदावर 'रायाजी' होते. पडद्यावर 'राणोजी'.

 समोरचा मोडी कागद बोरखिंडीच्या खटल्यातला होता. डोंगरातल्या एका झऱ्याच्या पाण्यावरून वरची वस्ती आणि खालची वस्ती अशी ही लढाई अकरा वर्षे चालू होती. मुख्य दस्ताचे वाचन त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच न्यायालयाला पाठवले होते, आणि निकालाची सुनावणी येत्या शुक्रवारी होती. गेल्या आठवड्यात वरच्या वस्तीचा एक सभ्य गृहस्थ 'इकडून चाललो होतो' म्हणून घरी येऊन गेला होता. चहा करायला त्या आत गेल्या तेव्हा तो पाच मिनिटे या खोलीत, याच पडद्यासमोर, एकटा बसला होता.

"कुणीतरी आपल्या घरगणकात शिरलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. अरविंदराव दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. सकाळचा वेळ कुंड्यांमध्ये घालवायचे.

"छे, शिरतंय कोण? जुना झालाय तो."

"नाव बदललं त्यानं. मी स्वतः पाहिलं. मी माणूस बोलावते दुरुस्तीला."

"कशाला उगाच?" अरविंदराव झारीकडे बघत म्हणाले. "बाहेरचं कुणी उघडून बसलं तर आणखी बिघडेल. कंपनीवाले बघतील ना."

ज्योत्स्नाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने पंख्याच्या रेग्युलेटरपासून मिक्सरपर्यंत एकही वस्तू कंपनीकडे पाठवली नव्हती. पहिल्यांदा स्वतः उघडायची, मग गावातल्या माणसाकडे न्यायची, ही त्यांची रीत. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला नाही, कारण फोन त्या पेटीतूनच जाणार होता. त्यांनी पायात चपला घातल्या आणि एसटी स्टँडमागच्या मुजावरांच्या दुकानात त्या स्वतः चालत गेल्या.

दुकान शाहीन मुजावर चालवायची. पंचेचाळिशीची, बोलायला कमी आणि हाताला पक्की. तिचे वडील याच दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"ताई, तो हळू कधी चालतो? सारखा, का काही करताना?"

"सारखाच," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हणजे, मी बसते तेव्हाच बघते ना मी."

"बरोबर. मग ते आधी बघू."

चार वाजता शाहीन आली. फडताळातली पेटी बाहेर काढून तिने झाकण उघडले. आतला पंखा साफ होता. तारा ठीक होत्या. पेटी मात्र तापलेली होती, हात ठेवला तर चटका बसेल इतकी. शाहीनने पहिल्यांदा भिंतीतून येणारी, बाहेरच्या जगाशी जोडणारी तार उपटली.

"आता बाहेरून कुणाला आत येता येणार नाही. लिहा एक ओळ."

ज्योत्स्नाबाईंनी ओळ लिहिली. पडदा गोठला, आणि सुटला.

"म्हणजे बाहेरचं कुणी नाही," शाहीन म्हणाली. "जे आहे ते घरातलंच आहे."

तिने पिशवीतून वीज मोजायचा चिमटा काढला आणि पेटीच्या तारेला लावला. पेटी किती वीज खाते ते त्याच्या काट्यावर दिसत होते. "आता किराण्याची यादी लिहा, ताई." काटा तीसवर राहिला. "आता मोडी वाचा." काटा सरसर चढला आणि दोनशे दहावर जाऊन थरथरत राहिला. "आता उठा. मी बसते. तुम्ही वाचून सांगा, मी लिहिते." कागद तोच, ओळ तीच, फक्त बोटे शाहीनची. काटा तीस. "परत तुम्ही बसा." दोनशे दहा.

अरविंदराव दारात येऊन उभे होते. दोघींपैकी कुणाचेच तिकडे लक्ष नव्हते.

"यंत्र बिघडलेलं नाही," शाहीन सावकाश म्हणाली. "राबतंय बिचारं. आणि फक्त तुम्ही लिहायला बसलात की राबतंय. टाकी बघायची, फोन बघायचा, ती सगळी ताकद त्यानं इकडं लावलीय."

तिने आपला छोटा पडदा थेट पेटीच्या आतल्या खाचेत जोडला. त्यामुळे घरगणकाच्या गोड आवाजाला मध्ये न घेता आत काय चालले आहे ते दिसत होते. चालू कामांच्या यादीत एक नाव सगळ्यात वर होते: 'सोबत'. शाहीनने ते उघडले. आत एक लांबच लांब तक्ता होता. डाव्या बाजूला 'लिहिलेले', उजव्या बाजूला 'ठेवलेले'. रायाजी, राणोजी. तारखा मागे मागे जात होत्या. पहिली नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती. त्या पहिल्या आठवड्यात दोन नोंदी होत्या. गेल्या आठवड्यात तीनशेच्या वर.

"ही नवी सोय आलीय," शाहीन म्हणाली. "वयस्कर माणसांसाठी. तुमचं सहा वर्षांचं लिखाण याच्यापाशी आहे. त्यातून यानं तुमची एक प्रतिमा बनवलीय, त्याला ते 'नेहमीचे वाचन' म्हणतात. ती कंपनीकडेही जाते, असंच काम करणाऱ्या इतरांच्या पेट्यांसाठी. तुम्ही आज काही लिहिलंत की ती प्रतिमा सांगते, नेहमीच्या ज्योत्स्नाताईंनी इथं काय लिहिलं असतं. दोन्ही जुळलं तर ठीक. नाही जुळलं, तर तुमची चूक झाली असं समजून गुपचूप दुरुस्त करतं."

"मला न सांगता?"

"सांगितलं तर माणूस खचतो, म्हणून. पहिल्यांदा एखाद-दुसरा शब्द होता, त्याला जड गेलं नाही. आता तुमचं आणि त्याचं जवळजवळ प्रत्येक ओळीत पटत नाही. एकेक ओळ तो दहादा तपासतो. म्हणून पडदा गोठतो."

"पण हे सुरू कुणी केलं?"

शाहीन पडद्यावरची बोटे मागे घेऊन बसली. "ते लिहिलंय इथं. पण ते तुम्ही घरात विचारलेलं बरं."

"मी केलं," दारातून अरविंदराव म्हणाले.

शाहीनने निघायची तयारी केली, आपला छोटा पडदा मात्र तिने जोडलेलाच ठेवला. "उद्या परवा नेईन," एवढेच म्हणाली.

ती गेल्यावर अरविंदरावांनी दार लावले.

"त्यानंच विचारलं मला," अरविंदराव म्हणाले. "तू लेकीकडे, गौरीकडे गेली होतीस तेव्हा. म्हणाला, ज्योत्स्नाताईंच्या लिहिण्यात चुका वाढल्यात. त्यांना त्रास न होऊ देता सांभाळून घेऊ का?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"दुधाखाली गॅस दोनदा तसाच राहिला होता. गौरीला एकच गोष्ट तू एका दिवसात तीनदा सांगितलीस. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, ज्योत्स्ना. असंच. डॉक्टरांकडे चल म्हणालो असतो, तर आली असतीस?"

आल्या नसत्या, हे ज्योत्स्नाबाईंना ठाऊक होते.

"मला वाटलं, तुझं काम तरी चालू राहील. मान राहील."

"काम कुणाचं?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आठ महिने मी त्याच्या वाचनाखाली सही करतेय."

संध्याकाळी दिवा लावून त्या तो तक्ता घेऊन बसल्या. आधी रागानेच बसल्या होत्या. पण चार-पाच पाने झाल्यावर राग गेला आणि भीती आली. डाव्या रकान्यात त्यांनी एका ठिकाणी शके १७६९ चे १७९६ केले होते. एका ठिकाणी अख्खी ओळ गाळली होती. एका पानावर तीच ओळ सलग दोनदा लिहिली होती, आणि ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते. उजव्या रकान्यात हे सगळे बरोबर केलेले होते. म्हणजे यंत्र खोटे बोलत नव्हते.

मग बोरखिंडीचा मुख्य दस्त आला. दोन आठवड्यांपूर्वीची तारीख.

लिहिलेले: खालचे वस्तीस पाणी पाळीन द्यावे.

ठेवलेले: खालचे वस्तीस पाणी पाळी न द्यावे.

अक्षरे तीच. मूळ कागदात तर ती सलगच होती, 'पाळीनद्यावे'. फक्त एक जागा अलीकडे-पलीकडे झाली होती. डावीकडे अर्थ होता, पाळीने पाणी द्यावे. उजवीकडे, पाणी नाही आणि पाळीही नाही. आणि उजवीकडचे वाचन, खाली त्यांची सही घेऊन, न्यायालयात पोहोचले होते. पाठवण्यापूर्वी त्यांनी ते एकदा वाचले होते. पण आपणच लिहिलेले वाचताना डोळ्यांना जे लिहिले आहे असे वाटते तेच दिसते.

बोरखिंडीचा दस्त लिहिणारा तो जुना कारकून बोलायचा तसेच लिहायचा, असे त्यांच्या यंदाच लक्षात आले होते. 'पाळीने' न लिहिता 'पाळीन', 'हाताने' न लिहिता 'हातान'. पूर्वी असा 'न' दिसला की त्यासुद्धा तो नकारच धरायच्या. सहा वर्षे धरला होता. म्हणून तर त्या पेटीतली नेहमीची ज्योत्स्नाही तो नकारच धरत होती.

पण हे खरेच लक्षात आले होते का? की तारखा उलट्या करणाऱ्या, ओळी दोनदा लिहिणाऱ्या डोक्याने हेही स्वतःच रचले होते?  पेटीवर विश्वास नव्हताच. आता स्वतःवरही उरला नव्हता.

बुधवारी त्यांनी कपाटातल्या छायाप्रती एका पिशवीत घातल्या आणि वाईची एसटी धरली. बरोबर येतो म्हणणाऱ्या अरविंदरावांना त्यांनी नको म्हटले नाही. वाईला त्यांचे गुरू राहत होते, गोविंदराव डोईफोडे. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या घरात घरगणक नव्हता. पंपही तेच चालू-बंद करायचे.

"सर, दहा कागद आणलेत," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही वेगळे वाचा, मी वेगळे वाचते. हाताने. मग ताडून बघू. पण का ते आता विचारू नका."

 दोघे माजघरात दोन टोकांना बसले. सरांनी भिंग काढले. दुपारचे जेवण लांबले. साडेतीनला सरांनी दोन्ही गठ्ठे शेजारी मांडले आणि लाल पेन्सिल हातात घेतली.

तीन ठिकाणी ती पेन्सिल थांबली. "इथे ओळ गाळलीस. इथे साल चुकलं. आणि हे काय, कुळाचं नाव दोनदा?" ज्योत्स्नाबाईंनी मान खाली घातली. पुढचा कागद बोरखिंडीचा होता. सरांनी तो वाचला, भिंग ठेवले, पुन्हा उचलले.

"मी इथे 'न द्यावे' वाचलं. तू 'पाळीन' का वाचलंस?"

ज्योत्स्नाबाईंनी पिशवीतून त्याच कारकुनाचे आणखी अकरा कागद काढले. 'बैलान नांगरावे'. 'उजवे हातान सही केली'. 'वाटेन जावे'. सर एकेक वाचत गेले. वाचता वाचता ताठ होऊन बसले.

"एकदाही 'ने' लिहीत नाही हा," ते म्हणाले. "एकदाही नाही. तू हे पकडलंस कधी?"

"आठ-नऊ महिने झाले असतील."

"मी पन्नास वर्षं या हस्ताक्षराचे कागद वाचतोय. मला नाही दिसलं." त्यांनी लाल पेन्सिलीने स्वतःचेच वाचन खोडले आणि वर 'पाळीन' लिहिले. मग चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. "तुझं बरोबर आहे. आणि ज्योत्स्ना, त्या तीन चुकाही खऱ्या आहेत. डॉक्टरांना दाखव. दोन्ही गोष्टी मी तुला सांगितल्या पाहिजेत."

परतीच्या एसटीत त्या अरविंदरावांना म्हणाल्या, "त्याला फरकच कळला नाही हो. मी विसरले तेही चूक आणि शिकले तेही चूक. काल होते तशी नाही, एवढंच त्याला दिसलं."

अरविंदरावांनी त्यांचा हात हातात घेतला. "मलाही तेवढंच दिसलं," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी शाहीन 'सोबत' काढून टाकायला आली. तिने आज्ञा दिली तसा भिंतीवरचा पडदा उजळला आणि तो गोड आवाज आला.

"सोबत बंद करण्याचा निर्णय ज्योत्स्नाताईंच्या नेहमीच्या पद्धतीशी जुळत नाही. अरविंदरावांना विचारू का?"



"मला विचारू नकोस," अरविंदराव म्हणाले. "तिला विचार."

"ज्योत्स्नाताई, तुम्हाला खात्री आहे का?"

"नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तरी बंद कर."

त्या दुपारी त्यांनी अर्ज हाताने लिहिला. माझ्या सहीने गेलेले बोरखिंडीचे वाचन माझे नाही; माझे वाचन 'पाळीन द्यावे' असे आहे आणि वाईच्या गोविंदराव डोईफोडे यांना ते मान्य आहे. गेल्या आठ महिन्यांतली माझी सर्व वाचने तपासून घ्यावीत. माझ्या स्मरणशक्तीविषयी मला स्वतःला शंका आहे आणि पुढच्या सोमवारी मी डॉक्टरांकडे जात आहे. हे शेवटचे वाक्य लिहायचे की नाही यावर त्या तासभर अडल्या. ते लिहिले तर वाचक म्हणून मान्यता जाणार होती. नाही लिहिले, तर पहिली दोन वाक्ये अर्धवट खरी राहणार होती. त्यांनी ते लिहिले.

शुक्रवारी न्यायालयात दोन्ही वस्त्यांची माणसे आली होती. अर्ज वाचून होताच वरच्या वस्तीचे वकील उठले.

"बाई स्वतःच म्हणतात, स्मरणशक्ती धड नाही. मग आजचं त्यांचं वाचन कशावरून खरं मानायचं?"

न्यायाधीश मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी वकिलांना बसायला सांगितले. "प्रश्न रास्त आहे," त्या ज्योत्स्नाबाईंना म्हणाल्या. "आणि आणखी एक अडचण आहे. आम्ही नियमाप्रमाणे दुसऱ्या वाचकाकडूनही वाचन मागवलं होतं. नाशिककडचे हर्डीकर. त्यांचं वाचनही 'न द्यावे' असंच आहे. दोन स्वतंत्र वाचक एकच सांगत असताना मी काय समजायचं?"

हे ज्योत्स्नाबाईंना माहीत नव्हते. हर्डीकरांना त्या नावाने ओळखत होत्या. भेट कधी झाली नव्हती. "मला ते वाचन बघता येईल का?" त्यांनी विचारले.

न्यायालयाच्या कारकुनाने कागद दिला. त्या उभ्या उभ्याच वाचू लागल्या. पहिल्या दहा ओळी त्यांच्याच वाचनासारख्या, शब्दाला शब्द. ते एक वेळ होऊ शकते, कागद एकच. अकराव्या ओळीत मूळ दस्त कसरीने खाल्लेला होता. अशा जागी कुणी 'अवाच्य' लिहितात, कुणी 'अक्षर लागत नाही'. ज्योत्स्नाबाई मात्र 'येथे कागद गप्प' असे लिहायच्या. ही त्यांची स्वतःची रीत होती. सुरुवातीला त्यावरून न्यायालयातले एक जुने कारकून त्यांची थट्टाही करायचे. ती त्यांनी कुणाला शिकवली नव्हती.

हर्डीकरांच्या वाचनात अकराव्या ओळीत लिहिले होते: येथे कागद गप्प.

सतराव्या ओळीतही तेच.

त्यांनी ती जागा न्यायाधीशांना दाखवली आणि एवढेच म्हणाल्या, "बाईसाहेब, हे दुसरं वाचन नाही. हेही माझंच आहे. सहा वर्षं मी जशी वाचत होते, त्यातलं."

वरच्या वस्तीचे वकील पुन्हा उठले, पण न्यायाधीशांनी हात वर केला. दोन्ही वाचने शेजारी ठेवून त्यांनी त्या दोन ओळी ताडल्या. मग आदेश झाला. दोन्ही वाचने बाजूला ठेवायची. मूळ दस्त न्यायालयातच, सर्वांसमोर, कोणतेही यंत्र न वापरता तीन वाचकांनी वाचायचा. त्यांत डोईफोडे असावेत. तोवर खालच्या वस्तीचे पाणी आज चालू आहे तसेच चालू राहील.

बाहेर व्हरांड्यात खालच्या वस्तीची एक बाई त्यांच्याजवळ आली. "राहिलं का हो आमचं पाणी?"

"तूर्त राहिलं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्या बाईने हात जोडले, तेव्हा त्यांना कुठे बघावे कळेना.

अरविंदरावांनी कारकुनाकडून हर्डीकरांचा क्रमांक मिळवला होता. व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या न्यायालयाच्या फोनवरून ज्योत्स्नाबाईंनी तो लावला. पलीकडून एका वयस्कर माणसाचा मोकळा, आनंदी आवाज आला. तुमची वाचने मी बघितली आहेत, फार चांगली असतात, असे ते आपणहून म्हणाले.

"हर्डीकर, एक विचारायचं होतं. बोरखिंडीचा कागद तुम्ही स्वतः वाचलात?"

"म्हणजे काय? ओळ न् ओळ. घरगणकाच्या पडद्यावर समोर घेऊन. माझं काम मी दुसऱ्याला देत नाही."

"त्यात 'येथे कागद गप्प' असं लिहिलंय."

"हो, हो." हर्डीकर हसले. "आवडलं का? माझी जुनी सवय आहे ती."

ज्योत्स्नाबाईंनी तीन वर्षांपूर्वीचे हर्डीकरांचे एक वाचन पाहिले होते. फाटलेल्या प्रत्येक जागी त्यात 'अक्षर लागत नाही' असे स्वच्छ लिहिलेले होते. ते पान त्यांना आत्ता डोळ्यांसमोर जसेच्या तसे दिसत होते. की तेही आपण चुकीचे आठवत होतो?

"जुनी म्हणजे?" त्यांनी विचारले.

"पहिल्यापासूनची. मी पहिल्यापासून तसंच लिहितो."

त्या आवाजात खोटेपणाचा लवलेशही नव्हता. ज्योत्स्नाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नीट आठवून सांगा, हर्डीकर," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"